मिनी बाईकचा गव्हर्नर काढायचा? थांबा, आधी हे गणित बघा

गुडघ्याएवढी उंची, फुगलेले टायर, मधे उघडं इंजिन आणि वर बसलेला अमेरिकन पोरगा. ‘गव्हर्नर काढला, स्पीड डबल!’ असं लिहिलेलं रील. तुमच्या फीडमध्ये हे आलं नसेल तर गाड्यांची चार रील बघा, पाचवं हेच येईल. खाली मराठीतल्या कमेंटसुद्धा दिसतात: ‘भावा, आपल्याकडे मिळते का?’, ‘पॉवर वीडरचं इंजिन लावलं तर चालेल का?’

दोन्ही प्रश्न योग्य आहेत. पण तीस सेकंदांच्या रीलमध्ये त्यांची उत्तरं मावत नाहीत. म्हणून आज ही मिनी बाईक नीट उलगडून बघू. इंजिन कसं चालतं, मॉडिफाय करताना नेमकं काय तुटतं, देखभाल कशी करायची आणि आपल्याकडचा कायदा काय म्हणतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. गव्हर्नर हे कंपनीने मुद्दाम लावलेलं कुलूप नाही. बाकीचं सगळं मशीन त्याच्या भरवशावर बनवलेलं असतं.

हे बाईकचं इंजिन नाहीच

अमेरिकेत मिनी बाईकचं वेड १९६० च्या दशकात पसरलं. तेव्हा लोक गवत कापायच्या मशीनचं किंवा पंपाचं इंजिन काढून पाइपच्या फ्रेमवर बसवायचे. आजही कथा तीच आहे. कोलमनच्या सीटी२००यू सारख्या लोकप्रिय मॉडेलमध्ये १९६ सीसीचं, साडेसहा हॉर्सपॉवर गटातलं इंजिन असतं. घरी बाईक बनवणारे बरेचदा हार्बर फ्रेट या दुकानसाखळीचं प्रेडेटर २१२ घेतात. या इंजिनांचा मूळ आराखडा होंडाच्या जीएक्स मालिकेचा, जी १९८३ मध्ये आली. पुढे चीनमध्ये त्याच्या असंख्य नकला तयार झाल्या.

आता तुमच्या गावाकडे बघा. पॉवर वीडर, फवारणीचा पंप, काँक्रीटचा व्हायब्रेटर, छोटा जनरेटर. यांतल्या बऱ्याच मशीनवर याच जातीचं इंजिन असतं. मी वीडरचं असं इंजिन उघडून पाहिलंय. ऑइल पंप नाही, ऑइल फिल्टर नाही. कनेक्टिंग रॉडच्या टोकाला एक छोटी पळी असते, ती प्रत्येक फेरीत तेलात बुडते आणि तेल चहूकडे उडवते. इंजिनाच्या आतलं वंगण एवढंच. एका ठरावीक वेगाने तासन्तास काम करायला ते पुरेसं आहे.

तो ठरावीक वेग म्हणजे साधारण ३६०० आरपीएम. हा आकडा येतो कुठून? अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे. साध्या दोन पोलच्या जनरेटरमधून ६० हर्ट्झ मिळवायचे तर तो मिनिटाला ३६०० फेऱ्या फिरायला हवा. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणून तसाच जनरेटर ३००० वर फिरतो. म्हणजे ज्या इंजिनावर पोरं सुसाट जायची स्वप्नं बघतात, त्याचा जन्म बल्ब पेटवायला आणि पाणी उपसायला झाला आहे.

गव्हर्नर करतो काय?

इंजिनाच्या पोटात एक छोटा गिअर असतो, त्यावर वजनं. इंजिन जोरात फिरलं की वजनं बाहेर फेकली जातात आणि एका दांडीमार्फत थ्रॉटल मिटवतात. वेग पडला की स्प्रिंग थ्रॉटल परत उघडते. सेन्सर नाही, चिप नाही. चढ आला तर इंजिन आपोआप जास्त पेट्रोल घेतं, उतार आला तर कमी.

गव्हर्नर काढला की ही लगाम गेली. थ्रॉटल पूर्ण पिळला तर इंजिन ५००० च्याही पुढे पळतं. रीलमध्ये ऐकू येणारा तो किंचाळणारा आवाज हाच.

दीडपट वेग, सव्वादोनपट ताण

आता गणित. समजा पुढचं स्प्रॉकेट १० दात्यांचं, मागचं ६० चं, आणि टायरचा व्यास ४६ सेंटीमीटर. ३६०० आरपीएमला चाक मिनिटाला ६०० वेळा फिरेल, म्हणजे ताशी साधारण ५२ किलोमीटर. इंजिन ५४०० वर नेलं तर ताशी ७८. वेग दीडपट झाला, मस्त!

पण फिरणाऱ्या वस्तूला बाहेर खेचणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. आरपीएम दीडपट झाले की फ्लायव्हीलवरचा ताण सव्वादोनपट होतो. हे फ्लायव्हील ओतीव धातूचं असतं, ३६०० चा विचार करून बनवलेलं. ओतकामात एखादी बारीक चीर राहिलेली असेल तर ती सव्वादोनपट ताणाखाली उघडू शकते. आणि ते फुटलं तर तुकडे कुठे जाणार? मिनी बाईकवर इंजिन तुमच्या दोन मांड्यांच्या मधे असतं. म्हणूनच शर्यतीत उतरणारे जाणकार गव्हर्नरला हात लावण्याआधी अख्ख्या ठोकळ्यातून कातलेलं बिलेट फ्लायव्हील आणि बिलेट कनेक्टिंग रॉड बसवतात. रीलमध्ये हा भाग सहसा कापलेला असतो.

ब्रेकचं गणितही तेच. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ५२ ऐवजी ७८ च्या वेगाने जाताना ब्रेकला सव्वादोनपट काम पडतं. थांबायला लागणारं अंतरही तेवढंच वाढतं. बऱ्याच स्वस्त मिनी बाईकना ब्रेक फक्त मागच्या चाकाला असतो. मागे शॉकअब्सॉर्बर नसतात, फुगीर टायरच खड्डे झेलतात. ७८ च्या वेगाने खड्डा लागला तर ती बाईक चेंडूसारखी उडेल.

आधी देखभाल, मग मॉडिफिकेशन

माझं ऐकाल तर हा क्रम ठेवा. वीडर किंवा जनरेटर वापरणाऱ्यांनाही तो तसाच लागू आहे.

तेल: या इंजिनात अर्धा-पाऊण लिटरच तेल असतं. प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी मशीन सपाट जागी ठेवून पातळी बघा. पातळी कमी असेल तर ती पळी कोरडीच फिरते. होंडाच्या जीएक्स पुस्तिकेप्रमाणे पहिलं तेल २० तासांनी किंवा महिन्याने बदलायचं, नंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. नवीन इंजिनात धातूचा बारीक चुरा सुटतो आणि फिल्टर नसल्याने तो तेलातच फिरत राहतो, म्हणून पहिला बदल टाळू नका.

पेट्रोल: २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर आपल्या बहुतेक दुचाकींचा कार्ब्युरेटर गेला. म्हणून तुमच्यापैकी अनेकांनी तो उघडलेला पाहिलाही नसेल. या इंजिनात मात्र तो आहे, आणि पुस्तिका सांगते की पेट्रोलमध्ये इथेनॉल जास्तीत जास्त १० टक्के असावं. आपल्याकडे २०२५ मध्ये २० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला गेला. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. मशीन महिना-दोन महिने उभं राहणार असेल तर टाकी रिकामी करा आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोलही काढून टाका. ‘दोरी ओढून हात दुखला, पण चालू होईना’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा वाटीत आटून चिकट झालेलं पेट्रोल आणि बुजलेला जेट असतो.

हवा: एअर फिल्टर काढून उघडं शंकूसारखं फिल्टर लावणं हे रीलवालं दुसरं आवडतं काम. त्याने हवा वाढते, पेट्रोल तेवढंच राहतं. मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. हवा वाढवायची असेल तर मोठा जेट लागतोच.

बाकी: चेनचा ताण, मागच्या चाकाची सरळ रेष, ब्रेकची केबल आणि प्रत्येक नट. एका सिलिंडरचं इंजिन थरथरतं, नट सैल होतात. दर फेरीनंतर पाना फिरवा.

मॉडिफाय करायचंच असेल तर पहिला खर्च ब्रेकवर. दुसरा, सेंट्रिफ्युगल क्लच काढून टॉर्क कन्व्हर्टर. नाव मोठं आहे, पण हा तुमच्या घरच्या स्कूटरमधल्या व्हेरिएटर आणि बेल्टचाच भाऊ. उठाव सुधारतो, चढावर क्लच जळत नाही, आणि इंजिनाचे आरपीएम वाढवावे लागत नाहीत.

इंजिन न छेडता काय करता येतं याचं उत्तम उदाहरण आपल्याच इंजिनीअरिंग कॉलेजांत आहे. बाहा एसएई इंडिया ही स्पर्धा २००७ पासून होते, पुण्या-मुंबईच्या कॉलेजांचे संघही तिथे उतरतात. पेट्रोल गटात सगळ्यांना सारखंच इंजिन, त्याच्या पोटात काही बदलायची परवानगी नाही आणि गव्हर्नर सीलबंद. तरी एक गाडी पहिली येते आणि एक शेवटची. फरक पडतो वजन, गिअर, सस्पेन्शन आणि चालवणाऱ्याच्या डोक्याने.

अमेरिकेत वारं कुठे वाहतंय?

रील तिकडची आहेत, पण तिकडचं धोरण फीडवर येत नाही. कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२१ मध्ये एबी १३४६ हा कायदा केला. त्यानुसार २०२४ च्या मॉडेलपासून तिथे विकली जाणारी बहुतेक नवी छोटी इंजिनं, म्हणजे गवत कापायची मशीन, ब्लोअर वगैरे, शून्य उत्सर्जनाची हवीत. जुनी वापरायला बंदी नाही. तिथल्या हवा मंडळाचा हिशेब असा, की गवत कापायचं पेट्रोल मशीन तासभर चालवलं तर नवी कार ३०० मैल चालवल्याएवढा धूर होतो. न्यूयॉर्कमध्ये तर जून २०२२ मध्ये रस्त्यावर बेकायदा फिरणाऱ्या, जप्त केलेल्या डर्ट बाईक सरळ बुलडोझरखाली चिरडल्या. म्हणजे ज्या देशात हा छंद जन्मला, तिथेही त्याची जागा आक्रसत चालली आहे.

आणि आपल्याकडे?

इथे ‘छोटी आहे, तिला काय लायसन लागतं’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून चारपेक्षा कमी चाकांचं वाहन वगळलं जातं, पण इंजिन २५ सीसीपर्यंत असेल तरच. ऑनलाइन मिळणारी ‘लहान मुलांची’ पॉकेट बाईकसुद्धा बहुतेक वेळा ४९ सीसीची असते. वीडरच्या इंजिनाची तर बातच सोडा. म्हणजे कायद्याने ही मोटार वाहनंच. पण मान्यता चाचणी झालेली नसल्याने त्यांची नोंदणी होत नाही. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. कुणाला धडक बसली तर भरपाई थेट घरच्यांच्या खिशातून.

चालवणारा अल्पवयीन असेल तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९अ लागतं. पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन नाही. नोंदणी झालेल्या गाडीत परवानगीविना फेरफार केला तर कलम १८२अ नुसार प्रत्येक फेरफाराला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाही.

इलेक्ट्रिक घेतली तर सुटलो, असंही नाही. २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या ई-बाईकला नोंदणीतून सूट आहे. तिची वेगमर्यादा काढली की सूट संपली. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने अशाच छेडछाड केलेल्या ई-बाईकवर कारवाईची मोहीम काढली होती. तिथे गव्हर्नरच्या जागी कंट्रोलर असतो, मोह मात्र तोच.

मग काहीच बनवायचं नाही का? बनवायचं, नक्की बनवायचं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या एका कारागिराने भंगारातून छोटी जीप केली होती, ती आठवतेय? आनंद महिंद्रांनी डिसेंबर २०२१ मध्ये तिचं कौतुक केलं. पण त्याच वेळी ती नियमांत बसत नाही, कधीतरी अडवली जाईल, हेही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. बनवणाऱ्या हाताचा मान आणि रस्त्याचा नियम, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

घरी बंद पडलेला वीडर किंवा पंप असेल तर येत्या रविवारी तो उघडा. तेल बदला, जेट साफ करा, गव्हर्नरची दांडी बोटाने हलवून थ्रॉटल कसा मिटतो ते बघा. तेवढं कळलं की पुढच्या वेळी ते रील दिसेल तेव्हा तुमची नजर स्पीडोमीटरवर नाही, चालवणाऱ्याच्या मांड्यांमधल्या त्या फ्लायव्हीलवर जाईल.