रत्नागिरीत समुद्राकाठचं जुनं घर घेताय? आधी जोतं मोजा

गुहागर-गणपतीपुळे पट्ट्यात चिऱ्याचं जुनं घर घेऊन होमस्टे काढायचाय? किमतीआधी भरतीरेषा बघा. सीआरझेडच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा ‘ना विकास क्षेत्र’ आहे. तिथे अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी चालते, पण मूळ जोत्याच्या क्षेत्रफळातच. ‘पाडून मोठं बांधू’ हा हिशेब इथेच फसतो. आणि हो, घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे.

जांभा सच्छिद्र असतो, पाणी शोषतो. सिमेंटचा गिलावा ती ओल कोंडतो, चुन्याचा बाहेर सोडतो. वळचण लांब ठेवा, वासे भिंतीला पक्के बांधा. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात दापोली-मंडणगडमध्ये असंख्य घरांची छपरं उडाली होती.