रूपावरून न्याय नको

एखाद्याचा चेहरा पाहूनच तो चांगला की वाईट हे ठरवण्याची आपल्याला घाई असते. ही घाई एखाद्याच्या जिवावर कशी बेतते, हे समजून घ्यायचे असेल तर आय-आय या प्राण्याची हकीकत ऐका.

आफ्रिकेच्या पूर्वेला, हिंदी महासागरात मादागास्कर नावाचे मोठे बेट आहे. लेमूर हे प्राणी मूळचे या बेटावरचे. ते माकडांचे दूरचे नातेवाईक आहेत. आय-आय हा त्यांपैकीच एक. तो झाडावर राहतो. दिवसा काटक्या-पानांच्या गोल घरट्यात झोपतो आणि रात्री बाहेर पडतो. त्याचे वजन सुमारे 2.5 किलो असते. काळपट राठ केस, मोठाले कान, चमकणारे डोळे, झुपकेदार लांब शेपटी आणि काटकीसारखे बारीक मधले बोट! अंधारात तो अचानक समोर आला तर कोणीही दचकेल.

पण या विचित्र अवयवांचे काम पाहा. आय-आय बारीक बोटाने फांदीवर टकटक करतो आणि कान देऊन ऐकतो. लाकूड आतून पोकळ आहे का, तिथे अळी आहे का, हे त्याला आवाजावरून कळते. मग तो पुढच्या मजबूत दातांनी लाकूड कुरतडतो आणि त्याच बोटाने अळी बाहेर ओढतो. हे दात आयुष्यभर वाढत राहतात. मादागास्करमध्ये सुतारपक्षी नाही. त्याचे काम तिथे आय-आय करतो. या दातांमुळे 18 व्या शतकात शास्त्रज्ञांनीही त्याला खारीच्या कुळात घातले होते. रूपाने असे जाणकारही फसतात.

मादागास्करच्या काही भागांत आय-आय दिसणे म्हणजे मरणाची सूचना, असे मानतात. त्यामुळे तो दिसताच त्याला मारले जाते. तो नारळ फोडून खातो, म्हणून काही शेतकरीही त्याला मारतात. शिवाय जंगले तुटत आहेत. मादीला दोन-तीन वर्षांतून एकच पिल्लू होते. मग मेलेल्यांची जागा भरून कशी निघणार? आज ही जात धोक्यात आहे.

शेतकऱ्याची तक्रार खरी आहे. नारळांचे नुकसान मोजता येते, त्यावर उपायही शोधता येतो. अपशकुन मात्र आजवर कोणी मोजलेला नाही. भीती वाटणे हा गुन्हा नाही, पण भीतीलाच पुरावा मानून शिक्षा देणे हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आय-आयला आपली बाजू मांडता येत नाही. म्हणून त्याच्याविषयी मत बनवण्याआधी माहिती घेणे, हे आपले कर्तव्य आहे. माणसांच्या बाबतीतही हाच नियम पाळा.