परदेशातलं एटीएम : काढले २०० दिरहम, वर कापले साडेतीनशे रुपये

१ मे २०२५ पासून देशातल्या एटीएमचा दर वाढला. महिन्याचे मोफत व्यवहार संपले की पुढच्या प्रत्येक वेळी बँक जास्तीत जास्त २३ रुपये आणि त्यावर कर घेऊ शकते. आधी हा आकडा २१ होता. दोन रुपयांच्या या वाढीची चर्चा नाक्यावर झाली, मोबाईलवरही झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांतून दुबई, कुवेत, सौदीला नोकरीसाठी गेलेल्यांच्या खात्यातून एका वेळी याच्या कितीतरी पट पैसे कापले जातात. त्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण कापलेली रक्कम कळते तेव्हा माणूस समुद्रापलीकडे असतो आणि पासबुक घरी कपाटात.

हे होतं प्रामुख्याने पहिल्या महिना-दीड महिन्यात. नवा माणूस तिथे उतरला की लगेच बँकेत खातं उघडत नाही. अमिरातीत ओळखपत्र, सौदीत इकामा हातात यायला वेळ लागतो, आणि पहिला पगार त्यानंतरचा. तोवर मेसचे पैसे, सिमकार्ड, बसभाडं हे सगळं गावाकडच्या बँकेच्या डेबिट कार्डावर. खात्यातले पैसेही बहुतेक वेळा उसनवारीचे, नाहीतर सोनं गहाण ठेवून आणलेले. त्यामुळे माणूस जपून, थोडे थोडे पैसे काढतो. आणि नेमकं तेच महागात पडतं.

यातला हिशोब समजून घ्यायला हवा. परदेशात एटीएममधून पैसे काढले की साधारण तीन ठिकाणी कात्री लागते. पहिली, आपल्या बँकेचं ठरावीक शुल्क. बँकेप्रमाणे ते वेगळं असतं. अनेक बँकांत ते दर वेळी १०० ते १५० रुपयांच्या आसपास आहे. दुसरी, चलन बदलण्याचा आकार, ज्याला बँका ‘मार्कअप’ म्हणतात. तो बऱ्याच ठिकाणी साडेतीन टक्क्यांपर्यंत जातो. या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. तिसरी कात्री तिथल्या एटीएमवाल्या बँकेची. ती लागणार असेल तर पडद्यावर दिसते, पण इंग्रजी नाहीतर अरबीत.

हिशोबाला सोपं म्हणून एक दिरहम २४ रुपयांचा धरू. ठरावीक शुल्क १२५ रुपये, मार्कअप साडेतीन टक्के. २०० दिरहम काढले म्हणजे ४,८०० रुपये. त्यावर शुल्क करासह १४७ रुपये ५० पैसे, मार्कअप करासह १९८ रुपये २४ पैसे. एकूण ३४५ रुपये ७४ पैसे, म्हणजे शंभराला सात रुपयांहून जास्त. असं पाच वेळा केलं की १,७२८ रुपये गेले. तेच १,००० दिरहम एकदम काढले असते तर १,१३८ रुपये. मधले ५९० रुपये निव्वळ चार वेळा जास्त मशीनसमोर उभं राहिल्याचे. तिथल्या बँकेने दर वेळी समजा २० दिरहम घेतले, तर पाच वेळचे १०० दिरहम म्हणजे आणखी २,४०० रुपये. मोठी रक्कम काढणाऱ्या सायबाला हे शुल्क जाणवतही नाही. दोनशे-दोनशे काढणाऱ्या वेल्डरला, ड्रायव्हरला, हॉटेलातल्या पोराला त्यातच एका दिवसाच्या जेवणाचा फटका बसतो.

याहून फसवा प्रकार पुढचा. कार्ड भारतातलं आहे हे मशीन ओळखतं आणि विचारतं, रक्कम रुपयांत करून देऊ का? पडद्यावर रुपयांचा आकडा दिसला की बरं वाटतं, आपलीच भाषा बोलल्यासारखं. पण तो दर मशीनवाल्याने स्वतःच्या सोयीने लावलेला असतो आणि सहसा आपल्या बँकेच्या दरापेक्षा वाईट. वर काही बँका अशा व्यवहारावरही वेगळा आकार लावतात. इथे ‘विदाउट कन्व्हर्जन’ किंवा ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’ निवडायचं. ‘डिक्लाइन’ दाबलं की पैसेच मिळणार नाहीत या भीतीने अनेक जण दुसरं बटण दाबतात. प्रत्यक्षात नकार फक्त त्या दराला असतो. व्यवहार पुढे चालू राहतो आणि पैसे स्थानिक चलनात मिळतात. नुसती शिल्लक बघायलाही काही बँका परदेशात पैसे घेतात, ते वेगळंच. आणि क्रेडिट कार्डाने रोख काढणं तर टाळलेलंच बरं. त्यावर वेगळं शुल्क असतं आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू.

अर्थात कार्ड तिथे चाललं तर हे सगळं. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवं किंवा बदलून मिळालेलं कार्ड देशातल्या वापरापुरतंच चालू असतं. परदेशातला वापर खातेदाराने ॲपवरून किंवा शाखेत जाऊन सुरू करून घ्यायचा असतो. जनधन खात्याचं साधं रुपे कार्ड बहुधा देशाबाहेर चालतच नाही. विमानतळावर उतरल्यावर हे कळून उपयोग नाही, कारण ॲपसाठी ओटीपी लागतो आणि गावच्या सिमला रोमिंग नसेल तर तो येत नाही. अमिरातीत अनेक दुकानांत यूपीआयने पैसे देता येतात हे खरं, पण त्यासाठीही परदेशातला वापर आधी चालू करावा लागतो, आणि मेसवाल्याला रोखच लागते.

मग स्वस्त काय? पहिल्या महिन्यापुरते दिरहम किंवा रियाल इथूनच नेणं बहुतेकांना परवडतं. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या चलन विक्रेत्याकडे किंवा बँकेत पासपोर्ट, व्हिसा, तिकीट दाखवून ते मिळतात. ५० हजारांच्या आत रोख देता येते, त्यापुढे खात्यातून. २५ हजारांपर्यंतच्या चलनबदलावर जीएसटी फक्त ४५ रुपये. विक्रेत्याचा नफा त्याच्या दरात असतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी दर विचारावा आणि पावती घ्यावी. बिनपावतीचा दर चार आणे कमी असला तरी उद्या नोट खोटी निघाली तर विचारणार कुणाला?

प्रश्न धोरणाचाही आहे. देशातल्या एटीएमसाठी रिझर्व्ह बँकेने २३ रुपयांची मर्यादा घातली, ती परदेशातल्या व्यवहाराला लागू नाही. खात्यातून पैसे गेले आणि मशीनमधून नोटा आल्या नाहीत, तर देशात पाच दिवसांनंतर रोज १०० रुपये भरपाईचा नियम आहे. २०१९ चा तो नियमही देशांतर्गत व्यवहारांपुरताच. म्हणजे शुल्क सर्वात जास्त तिथे, आणि संरक्षण सर्वात कमीही तिथेच. परदेशातून येणाऱ्या पैशाचं कौतुक सगळ्यांना आहे. तो कमवायला जाणाऱ्याचा पहिला महिना मात्र कुणाच्या हिशोबात नाही. निदान पासपोर्ट-व्हिसा दाखवणाऱ्या खातेदाराला शाखेने शुल्काचा कागद मराठीत हातात द्यावा, एवढं तर कोणत्याही नव्या नियमाशिवाय करता येईल.

पैसे चुकीचे कापले गेले तर एटीएमची पावती किंवा पडद्याचा फोटो ठेवून आधी आपल्या बँकेकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनामूल्य करता येते, अगदी दुबईत बसूनही. माहितीसाठी घरच्यांनी इथून १४४४८ वर फोन केला तरी चालतो.