गाडी एका बाजूला ओढते?

कांद्याने भरलेली पिकअप ब्रेक दाबताच एका बाजूला ओढत असेल, तर आधी पुढची चाके पाहा. तिथे डिस्कला चिमट्यासारखा धरणारा भाग म्हणजे कॅलिपर. पेडल दाबले की तेलाच्या दाबाने त्यातला पिस्टन पॅडला डिस्कवर रेटतो; पाय उचलला की रबरी सील त्याला किंचित मागे घेते. बाहेरचे रबर फाटले की चिखलपाणी शिरते, पिस्टन गंजून अडकतो. मग पॅड घासतच राहतो, चाक तापते, जळका वास येतो. सरकत्या पिना नुसत्या सुकल्या असतील तर साफ करून ब्रेकचेच ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगते. ही चूक मीही केली आहे. तेल गळत असेल किंवा पिस्टन गंजला असेल, तर मात्र कॅलिपर बदला. तोवर गाडी घाटात घालू नका.