गाळलं म्हणून फेकायचं?



लॉटरीच्या आणि कर्जाच्या मेलना मीही कंटाळले आहे. तरी आपल्या मंडळाच्या ई-मेलवर ‘काळी यादी’ लावून संशयित मेल परस्पर पुसून टाकायचं जे ठरतंय, ते मला मान्य नाही.

ही यादी मजकूर बघतच नाही. मेल कोणत्या सर्व्हरवरून आला, एवढंच बघते. एका सर्व्हरवरून हजारो लोक पाठवतात. त्यातल्या एकाने घाण केली की बाकीच्यांनाही दार बंद. ‘ज्याचं कर्म त्याला’ असं मुलांना पाठशाळेत शिकवणाऱ्या आपण हे कसं चालवून घेतो?

आणि पुसायचं कशाला? पाणी गाळल्यावर जिवाणी आपण मोरीत ओततो का? परत विहिरीतच सोडतो ना!

गेल्या क्षमावाणीला माझ्या नणंदेचा मेल असाच पुसला गेला. एकच मजकूर, दीडशे पत्ते. यंत्राला ती जाहिरात वाटली. खाली माझ्यासाठी दोन ओळी जास्त होत्या, जुना अबोला मिटवायच्या. मी उत्तर दिलं नाही म्हणून तो आणखी वाढला.

स्पॅमअसॅसिन फुकट मिळतं. ते प्रत्येक मेलला गुण देतं, 5 झाले की नुसती खूण करतं. आपले मेल दाखवून त्याला शिकवताही येतं. निदान 200 चांगले आणि 200 नकोसे लागतात. एवढं निवडायला वेळ कुणाला, असं मंडळात विचारलं गेलं. वर्षाचे गहू निवडतोच ना आपण? मी बसते. दुपारी दोननंतर कुणीही या.