लांब पल्ल्याची सायकल

सायकलीवरून दूरचा प्रवास करण्याची हौस समा भागातील तरुण मंडळींत पुन्हा दिसू लागली आहे, ही आम्हांस आनंदाची गोष्ट वाटते. मात्र परदेशी बनावटीच्या पोलादी प्रवासी सायकलीची किंमत कानी पडताच ही हौस जागच्या जागी विरते. अशा वाचकांस आमचे सांगणे इतकेच, की दुकानाची पायरी चढण्यापूर्वी दांडिया बाजारातील आपल्या जुन्या घराच्या जिन्याखाली एकवार डोकावून यावे.

तेथे धूळ खात पडलेली वडिलांची काळी सायकल बहुधा त्याच पद्धतीने घडलेली असते. नळ्यांची टोके पोलादी खोबणीत, म्हणजे कारागीर ज्यास ‘लग’ म्हणतात त्यात, बसवून पितळेची डाख भरलेली असते. पितळ पोलादाहून पुष्कळ कमी उष्णतेस वितळते. म्हणून वाकलेली नळी सांधा तापवून काढता येते व दुसरी बसवता येते. १९२३ साली मुंबईहून जगप्रदक्षिणेस निघालेल्या पारशी तरुणांपैकी तिघे १९२८ साली सुमारे ७१,००० किलोमीटर प्रवास करून परतले, तेही पोलादी सायकलींवरूनच.

जुनी सायकल पारखण्याची रीत सोपी आहे. मागच्या आसाशी दोरा बांधावा, हँडलखालच्या नळीस वळसा घालून दुसऱ्या बाजूने आसापर्यंत आणावा व ताणावा. सीटच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर सारखे भरले, तर फ्रेम सरळ आहे. हँडलकडून तिरपी उतरणारी नळी पुढच्या सांध्यापाशी खालून चाचपावी. रंगास सुरकुती असेल, तर सायकलीने समोरून धडक खाल्ली आहे असे समजावे. सीटचा दांडा गंजून अडकला नाही ना, हेही पाहावे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. ही सायकल वीस किलोच्या आसपास भरते, आणि चकचकीत रिमवर तिचे दांडीचे ब्रेक पावसात नीट धरत नाहीत. मागे अधिक दात्यांचे फ्रीव्हील बसविल्यास चढ सुसह्य होतो. प्रथम सावलीपर्यंत जाऊन यावे. पावागडच्या पायथ्याचा बेत त्यानंतर करावा.

१९५१ साली सोनीपतला सुरू झालेल्या ॲटलास कंपनीचा साहिबाबाद येथील कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला. चाकाचे टायर, चेन, छर्रे या गोष्टी अजून मिळतात. पण डाख भरणारा हात दुकानात विकत मिळत नाही. तो कारागीर काम नसल्याने उठून गेला, की उत्तम फ्रेमही भंगाराच्या वजनानेच जाणार. तेव्हा घरातील सायकल काट्यावर चढविण्यापूर्वी ती एकदा त्याला दाखवावी, हे बरे.