रिकाम्या प्रवासाची बाजू

बालरोगतज्ज्ञाकडे येणाऱ्या पालकांच्या तक्रारींचे स्वरूप गेल्या काही वर्षांत पालटले आहे. ‘मूल जेवत नाही’ ही तक्रार चिरंजीव आहे. पण तिच्या जोडीने ‘मूल पडद्यापुढून उठत नाही’ ही तक्रारही आता तितक्याच नेमाने येते. अशा वेळी मूल नेमका कोणता खेळ खेळते, हे मी आवर्जून विचारतो. अवकाशयान चालवण्याच्या खेळांचे नाव निघाले की जरा निराळे गाऱ्हाणे ऐकू येते. आई म्हणते, “मारामारीसुद्धा नसते हो त्यात, नुसता काळोखाकडे बघत बसतो.” मुलाचे म्हणणे असते, “पोहोचायलाच किती वेळ लागतो!” दोघांना खटकणारी गोष्ट एकच आहे: दोन मुक्कामांमधला लांबलचक, रिकामा प्रवास. त्या प्रवासाची बाजू मांडावी आणि तिला एक मर्यादाही घालावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अंतराळ इतके अफाट आहे की असा खेळ रचणाऱ्यापुढे पहिला प्रश्न प्रवासाच्या वेळाचाच उभा राहतो. त्याची तीन उत्तरे आढळतात. पहिले, प्रवास गाळून टाकणे. २०२३ साली आलेल्या ‘स्टारफील्ड’मध्ये नकाशावर ग्रह निवडला की काही क्षणांत आपण तेथे हजर होतो. दुसरे, प्रवास खरोखरच करायला लावणे. ‘एलिट डेंजरस’ या २०१४ सालच्या खेळात ‘हटन ऑर्बिटल’ नावाचे एक स्थानक आहे. यान ज्या ताऱ्यापाशी प्रकट होते, तेथून ते ०.२२ प्रकाशवर्षे दूर आहे. एवढे अंतर कापायला प्रकाशाला सुमारे ८० दिवस लागतील. खेळातले यान प्रकाशाच्या दोन हजार पट वेग गाठते, तरी पोहोचायला तासाहून अधिक वेळ जाई. २०२४ साली अधिक वेगवान इंजिने आली, तेव्हा कोठे ही प्रतीक्षा कमी झाली. ‘तेथे मोठे यान फुकट मिळते’ अशी थाप मारून नवख्यांना तिकडे पिटाळणे हा जुन्या खेळाडूंचा आवडता विनोद आहे!

तिसरे उत्तर मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. सयाजीबागेतील सरदार पटेल तारांगणात ज्यांनी कार्यक्रम पाहिला आहे, त्यांना ते चटकन उमजेल. तेथे एक अख्खी रात्र काही मिनिटांत डोक्यावरून सरकते, पण तारे आपला क्रम सोडत नाहीत. ‘ऑर्बिटर’ आणि ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या खेळांत काळाचा वेग असाच लाख पटींपर्यंत वाढवता येतो. प्रवास गाळला जात नाही, फक्त आटवला जातो; दिवसांचा आकडा डोळ्यांदेखत पळत राहतो. यांपैकी ‘ऑर्बिटर’ २००० सालापासून विनामूल्य उपलब्ध आहे. त्याचे कर्ते मार्टिन श्वाइगर हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधक. शरीरात प्रकाश सोडून आतल्या ऊतींचे चित्र मिळवण्याच्या तंत्रामागचे गणित हा त्यांचा अभ्यासविषय आहे, ही गोष्ट आपल्या व्यवसायबंधूंना निश्चितच रंजक वाटेल.

आता खऱ्या प्रवासाकडे वळू. आपले मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत स्थिरावले. त्यावरच्या पाच उपकरणांपैकी तीन, रंगीत कॅमेऱ्यासह, आपल्या शेजारच्या अहमदाबादेतील स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने घडवली होती. वाटेतले सुमारे ३०० दिवस यानाचे मुख्य इंजिन निद्रिस्त होते. २२ सप्टेंबरला ते अवघे चार सेकंद चालवून पाहिले गेले आणि दोन दिवसांनी सुमारे २४ मिनिटे प्रज्वलित ठेवून यानाचा वेग कमी करण्यात आला. पृथ्वीवरून संदेश पोहोचायला तेव्हा सुमारे १२ मिनिटे लागत असल्याने साऱ्या आज्ञा आधीच यानात भरून ठेवाव्या लागल्या होत्या. ३०० दिवसांच्या त्या मौनात दूरदृष्टी, अचूक गणित आणि इंजिन पुन्हा चालेल ना ही धाकधूक, असे सारे सामावलेले होते. प्रवास गाळणाऱ्या खेळात मुलाला मंगळ दिसतो, मात्र मंगळ दूर आहे हे कळत नाही. आरंभी दिशा किंचित चुकली तर तिचे फळ कित्येक महिन्यांनी भोगावे लागते, हेही त्याला कळत नाही.

आपल्या शास्त्राला ही गोष्ट नवी नाही. लसीच्या दोन मात्रांमध्ये आपण किमान चार आठवड्यांचे अंतर ठेवतो. त्या काळात बाहेरून काहीच घडताना दिसत नाही, परंतु प्रतिकारशक्तीची स्मृती त्याच काळात घडत असते. ‘दोन्ही आजच टोचून टाका’ असे एखादे घाईतले पालक म्हणाले, तर आपण ते ऐकत नाही. मधल्या वेळालाही काम असते, हे आपण रोज सांगतो. मग ते खेळाच्या बाबतीत का विसरावे?

येथवर वाचून एखादे चिरंजीव हा लेख आईपुढे धरतील, म्हणून दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. खेळातला प्रवास रिकामा असला, तरी मुलाचा वेळ रिकामा नसतो. मॉस्कोत जून २०१० ते नोव्हेंबर २०११ या काळात सहा जणांना ५२० दिवस बंदिस्त ठेवून मंगळप्रवासाची रंगीत तालीम करण्यात आली. ‘मार्स ५००’ नावाच्या त्या प्रयोगात वेळ पुढे पळवण्याची कळ नव्हती. निवडून घेतलेल्या त्या निरोगी प्रौढांचीही हालचाल महिनोगणिक मंदावत गेली आणि काहींच्या झोपेची घडी विस्कटली. मग आपल्या वाढत्या मुलांची काय कथा? सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप हवी. पाच ते दहा वर्षांच्या मुलांचा पडद्यापुढील वेळ दिवसाला दोन तासांहून कमी असावा, असे आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२१ च्या मार्गदर्शिकेत सुचवले आहे. त्यातला तासभर केवळ काळोख न्याहाळण्यात घालवणे शहाणपणाचे नव्हे. प्रवासाचा वेळ खेळात जरूर असावा. तो मुलाच्या झोपेतून आणि मैदानातून वसूल केला जाऊ नये.

म्हणून पालकांना माझे सांगणे असे. खेळ द्यायचाच असेल, तर काळ आटवणारा द्यावा आणि पोहोचल्यावर मुलाला एकच प्रश्न विचारावा: “किती दिवस लागले?” त्या आकड्याचे कुतूहल त्याला वाटले, तर खेळाने आपले काम केले असे समजावे. खेळ बंद करण्याची वेळ मात्र घरच्या घड्याळाने ठरवावी, यानाच्या मुक्कामाने नव्हे.

आणखी एक गोष्ट करता येण्याजोगी आहे आणि तिला पडदा लागत नाही. ‘युरोपा क्लिपर’ हे यान १४ ऑक्टोबर २०२४ रोजी गुरूकडे निघाले. ते एप्रिल २०३० मध्ये तेथे पोहोचणे अपेक्षित आहे. ते निघाले तेव्हा पाचवीत असलेले मूल ते पोहोचेल तेव्हा दहावीची परीक्षा देऊन मोकळे झालेले असेल. घरातल्या भिंतीवर या प्रवासाचा एक तक्ता लावावा. त्याच तक्त्यावर दर वाढदिवसाला मुलाची उंची नोंदवावी. दोन्ही आकडे हळूहळूच सरकतील. त्यांना पुढे पळवणारी कळ कोणापाशीच नाही, आणि ते चांगलेच आहे.